एदो ते टोकियो: गणपतीच्या देखाव्यात शहर कसं मांडावं?

दांडियाबाजारकर:

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळात यंदा गणपतीला हलता देखावा नाही, माहितीचा देखावा करायचा ठरलाय. विषय मुलांनीच निवडला: टोकियो आणि त्याआधीचं एदो. जागा बेताची आहे. मधोमध आठ बाय चारचं एक प्लायवूड, त्यावर शहराचा उठावाचा नकाशा. दोन्ही बाजूंना तीन बाय दोन फुटांचे बारा फलक. एका कोपऱ्यात टेबल, तिथे लहान मुलांना हातानं काहीतरी करता यावं.

सध्या कागदावर असं आहे: मध्यभागी पाच मजली किल्ला, भोवती कोट, आपल्या बडोद्यातल्या मांडवीसारखे चार दिशांना चार दरवाजे आणि त्यांतून निघणारे रस्ते. मागे फुजी पर्वत, पुढे चेरीची झाडं, कडेनं बुलेट ट्रेन. फलकांवर सामुराई, गेइशा, १९२३ चा भूकंप, महायुद्ध, आजचं शहर.

यात चूक काय, प्रमाण किती घ्यावं, साहित्य कोणतं वापरावं, आणि मुलांच्या टेबलावर काय ठेवावं? बडोद्यात मिळेल असंच सुचवा. फलकांचा मजकूर मराठीत असेल, गुजराती भाषांतर शेजारी.

—

नकाशेबाज:

विषय छान आहे. आराखडा मात्र जवळजवळ सगळाच बदलावा लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे मांडवी डोक्यातून काढा. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडी असे चार दरवाजे आणि मध्ये चौक, ही आपली शहराची कल्पना. एदोला शहराभोवती कोटच नव्हता. किल्ल्यापासून निघालेला खंदक घड्याळाच्या दिशेनं उलगडत बाहेर जातो, कांदा नदीला मिळतो आणि शेवटी सुमिदा नदीत उतरतो. शहर वाढलं तेही या वळणाबरोबर. खंदक ओलांडायच्या जागी पहाऱ्याचे दरवाजे होते. गल्ल्यांना वेगळी लाकडी फाटकं होती, ती रात्री बंद व्हायची. सरळ रस्ता धरून मध्यभागी पोहोचता येत नाही, ही एदोवर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्याची मुद्दाम केलेली योजना. नकाशात हे वळण दिसलं नाही तर बाकी कितीही नक्षीकाम केलं तरी ते एदो होणार नाही.

दुसरं, साल ठरवा. त्या घराण्यातला इयेयासू १५९० मध्ये तिथे आला, १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला, १८६८ मध्ये एदोचं टोकियो झालं. एवढ्या काळाचं मिळून एकच चित्र काढलं तर ते कुठल्याच काळाचं राहत नाही. तुमचा पाच मजली बुरूजच घ्या. तिसऱ्यांदा तो १६३८ मध्ये बांधला आणि १६५७ च्या आगीत गेला. त्यानंतर चौथरा नव्यानं रचला, पण शोगुनचा सल्लागार होशिना मासायुकीनं सांगितलं की शहर राखेत असताना मनोऱ्यावर पैसा नको. मनोरा पुन्हा कधीच उभा राहिला नाही. म्हणजे एदोच्या अडीचशेहून अधिक वर्षांपैकी दोनशेवर वर्षं त्या चौथऱ्यावर काहीच नव्हतं. एकोणिसाव्या शतकातला चित्रकार हिरोशिगे याच्या चित्रांशेजारी बुरूज उभा केलात तर जाणकार माणूस तिथेच हसेल. माझं मत: १८५७ साल धरा, चौथरा रिकामा ठेवा, आणि तो रिकामा का आहे हे शेजारी दोन ओळींत लिहा.

आता प्रमाण. प्लायची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. १:६००० घेतलंत, म्हणजे १ सेंमीला ६० मीटर, तर २४४ सेंमीत साडेचौदा किलोमीटर बसतात: उत्तरेला सेंजूचा पूल, दक्षिणेला शिनागावा. १२२ सेंमीत सव्वासात किलोमीटर: पश्चिमेला योत्सुयाचा दरवाजा, पूर्वेला फुकागावा. १:५००० चा मोह होईल, पण मग योत्सुया तरी कापलं जाईल किंवा नदीपलीकडचा भाग. या मांडणीत किल्ला मध्यावर येत नाही, डावीकडे सरकतो. तो ओढून मध्ये आणू नका.

उंची हा खरा कस. पश्चिमेचं पठार आणि पूर्वेची सखल भूमी यांच्यात साधारण वीस मीटरचा फरक आहे. १:६००० ला तो ३.३ मिलिमीटर होतो, म्हणजे दिसणारच नाही. उंची पाचपट वाढवा: पावणेदोन सेंमी. पाच पदरी खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर चढवले की तेवढं होतं. पठाराची कड सरळ कापू नका. तिथे हाताच्या बोटांसारखे उंचवटे आहेत, उएनो, होंगो, योत्सुया, आझाबू असे, आणि बोटांमध्ये घळी. दाइम्योंचे (प्रांतांच्या सरदारांचे) वाडे उंचावर, कारागीर आणि दुकानदार खाली. 'वरचं शहर' आणि 'खालचं शहर' हा भेद आजही लोकांच्या बोलण्यात आहे तो या वीस मीटरमुळे. ओचानोमिझूजवळ कांदा नदी पठार चिरून जाते. ती खिंड माणसांनी खणलेली आहे, सेंदाईच्या दाते घराण्याकडून करवून घेतलेली. तिथे पुठ्ठा उभा चिरा, उतार देऊ नका.

पुठ्ठ्याला पाण्यात पातळ केलेला फेविकॉल लावलात तर भाद्रपदाच्या दमट हवेत तो फुगून कडा उचलतो. घट्ट फेविकॉल, वर वजन, एक रात्र. मग दोन्ही बाजूंनी प्रायमर. एकाच बाजूला लावला तर पुठ्ठा वाकतो.

फुजी: शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर, पश्चिम-नैर्ऋत्येला. तुमच्या प्रमाणात तो साडेसोळा मीटर लांब आणि ६३ सेंमी उंच येईल. मंडपाबाहेर पलीकडच्या फुटपाथवर ठेवायची परवानगी मिळाली तर मजा येईल. नाहीतर पश्चिमेच्या कडेला बाण आणि अंतर लिहा. प्लायच्या मागे उभा केलेला फुजी ही या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक.

रंगांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेले एदोचे विभागवार नकाशे पाहा. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते मोफत आहेत. रस्ते पिवळे, पाणी निळं, देवळं-मठ तांबडे, सामान्यांची वस्ती करडी, सामुराईंच्या जागा पांढऱ्या. नकाशात पांढरं किती आहे ते बघा: शहराची जवळजवळ सत्तर टक्के जमीन सामुराईंकडे होती. उरलेल्या तीस टक्क्यांत अर्धी देवळं-मठ, आणि अर्ध्यात पाच लाख माणसं. आणखी एक, त्या नकाशांवर नावं चारही दिशांना तोंड करून लिहिलेली असतात. छपाईचा गोंधळ समजून ती सरळ करू नका. नावाचं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला वाड्याचा मुख्य दरवाजा.

—

पाणवाट:

नकाशेबाजांनी उंची सांगितली, तिचा दुसरा उपयोग पाण्याला. एक फलक पाण्याचा हवाच. आजवा तलावाच्या पाण्यावर वाढलेल्या बडोद्याला तो लगेच कळेल.

एदोच्या विहिरींना समुद्रामुळे खारट पाणी. सुरुवातीला कांदाचा कालवा होता, तो पुरेना. १६५३ मध्ये तामा नदीचं पाणी हामुरा गावापासून योत्सुयापर्यंत ४३ किलोमीटर उघड्या कालव्यानं आणलं. एकूण उतार फक्त ९२ मीटर, म्हणजे किलोमीटरला दोन मीटरच्या थोडा वर. पंप नाही, काही नाही. कुठेही खोलगट जागेत कालवा उतरवला तर पुढे पाणी चढणार नाही, म्हणून तो पठाराच्या कण्यावरूनच न्यावा लागला. तुमच्या नमुन्यात कालवा पश्चिमेच्या कडेवर योत्सुयाशीच प्रवेश करेल, आणि बोटांच्या माथ्यावरूनच फिरायला हवा. घळीत दाखवला तर चूक.

योत्सुयापुढे पाणी जमिनीखाली: दगडी नाल्या, मग लाकडी नळ. गल्लीतली 'विहीर' म्हणजे जमिनीत पुरलेलं बिनबुडाचं पिंप, त्यात नळाचं पाणी साचायचं, बांबूच्या टोकाला बांधलेल्या बादलीनं काढायचं. म्हणजे विहीर दिसते, पण खाली झरा नाही. लाकूड कुजायचं, सांधे गळायचे, दुरुस्ती सतत चालू. सुमिदापलीकडे होंजो-फुकागावात हे पाणी पोहोचत नव्हतं. तिथे होड्यांतून पाणी विकत. निळी रेघ नदीच्या अलीकडे थांबवा आणि पलीकडे पाणी विकणारी एक होडी ठेवा.

घराचा आकारही दाखवा, त्याला खर्च नाही. गल्लीतल्या चाळीची सर्वांत लहान खोली ९ शाकू बाय १२ शाकू, म्हणजे २.७ बाय ३.६ मीटर. मंडपाच्या जमिनीवर रंगीत टेपनं तेवढा आयत आखा. आत २.७ बाय २.७ चा चौकोन, साडेचार तातामी (जमिनीवर अंथरायच्या ठरावीक मापाच्या चटया). उरलेली ९० सेंमीची पट्टी मातीची: दार, चूल, मोरी. कुटुंबाचं घर एवढंच. शौचकूप सामाईक. त्यातला मैला शेतकरी विकत घेत आणि पैसे चाळ सांभाळणाऱ्याच्या खिशात जात. त्यामुळे भाडेकरू जास्त म्हणजे त्याची कमाई जास्त. हे वाक्य फलकावर आलं की लोक थांबून वाचतात.

—

पूर्वकाठ:

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण माझं म्हणणं वेगळं आहे. अख्खं शहर आठ बाय चारमध्ये घातलंत की बघणाऱ्याला ठिपके दिसतात, माणसं दिसत नाहीत. मांडायचं तर एकच जागा मांडा: र्‍योगोकु, सुमिदा नदीवरचा पूल आणि त्याचे दोन काठ. एदो-टोकियोची जवळजवळ सगळी गोष्ट या एक-दीड किलोमीटरमध्ये घडलेली आहे.

सुरुवात १६५७. हिवाळ्यात एदोत वायव्येकडून कोरडा वारा सुटतो. मार्चच्या सुरुवातीला होंगोतल्या मठात आग लागली आणि दोन-तीन दिवसांत निम्म्याहून जास्त शहर गेलं. मृतांचा आकडा एक लाखापर्यंत सांगतात. एका किमोनोमुळे तीन मुली दगावल्या आणि तो जाळताना आग लागली, ही प्रसिद्ध कथा. फलकावर ती दंतकथा म्हणूनच लिहा. त्या काळच्या वृत्तांतातला प्रसंग यापेक्षा भीषण आहे: कोदेन्माचोच्या तुरुंगाधिकाऱ्यानं कैदी जळून मरू नयेत म्हणून, परत यायच्या बोलीवर, त्यांना सोडलं. आसाकुसाच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्यांना वाटलं तुरुंग फुटला. त्यांनी दरवाजा लावून घेतला. मागून लोंढा येतच राहिला, हजारो माणसं तिथे चेंगरली, जळाली, खंदकात पडली.

नदीपर्यंत पोहोचलेल्यांनाही वाट नव्हती. राजधानीच्या संरक्षणासाठी सुमिदावर पूल बांधू देत नसत. उत्तरेला सेंजूचा तेवढा एक होता. आगीनंतर हे धोरण सोडावं लागलं आणि दोन-चार वर्षांत र्‍योगोकुचा पूल झाला. पलीकडच्या काठावर बेवारस मृतांसाठी एकोइन हा मठ. अलीकडच्या काठावर मोकळं पटांगण, आग ओलांडून जाऊ नये म्हणून राखलेलं.

आता गंमत बघा. पटांगणात पक्कं बांधकाम करायला बंदी, म्हणून तिथे काढता-घालता येणारे बोरूच्या चटयांचे मांडव आले: चहाची दुकानं, कसरती, कथेकरी, विचित्र प्राण्यांचे खेळ. आग अडवायची जागा शहरातली सगळ्यात गजबजलेली जत्रा झाली. मृतांच्या मठाच्या आवारात सुमोचे सामने ठरले. १९०९ मध्ये सुमोचं पहिलं कायमचं सभागृह तिथेच बांधलं, आणि आजचं १९८५ चं सभागृहही जवळच आहे. उन्हाळ्यात नदीवर दारूकाम. हातानं वळलेल्या भातावर मासा ठेवायची सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, तिच्याशी जोडलं जाणारं हानाया योहेईचं दुकान याच पुलाशी.

आणि मग १ सप्टेंबर १९२३, सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं. दुपारच्या जेवणाच्या चुली पेटलेल्या. पुलाच्या उत्तरेला पूर्व काठावर लष्कराच्या कपड्यांच्या जुन्या कोठाराचं मोकळं मैदान होतं. सुरक्षित म्हणून लोक गाद्या, गाठोडी, फर्निचर घेऊन तिथे जमले. ठिणग्यांनी सामान पेटलं, आगीची वावटळ उठली, एकट्या त्या मैदानात सुमारे ३८ हजार माणसं गेली. भूकंपाच्या एकूण सुमारे एक लाख पाच हजार बळींतला हा तिसरा हिस्सा. तिथे १९३० मध्ये स्मारक झालं. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी हाच पूर्वेचा सखल भाग जाळला, पुन्हा सुमारे लाखभर मृत्यू. त्यांच्या अस्थीही त्याच स्मारकात ठेवल्या आहेत.

१९२३ च्या फलकावर एक गोष्ट टाळू नका: कोरियन लोकांनी विहिरींत विष घातलं, आगी लावल्या अशा अफवा उठल्या आणि जमावांनी, काही ठिकाणी पोलिसांनी व सैनिकांनीही, हजारो कोरियनांना मारलं. नुसता भूकंप दाखवून हे गाळणं बरोबर नाही.

प्रमाण १:२००. पूल सुमारे ९४ केन लांब आणि ४ केन रुंद. केन म्हणजे १.८ मीटर. तुमच्या नमुन्यात ८५ सेंमी लांब, साडेतीन सेंमीच्या आसपास रुंद. प्लाय आडवं, नदी मधून. पूल सपाट करू नका, हलकी कमान द्या, खालून होड्या जायच्या. खांब आइसक्रीमच्या काड्यांचे नकोत, चपटे दिसतात. ३ मिमीच्या गोल बांबूकाड्या घ्या. १:२०० ला माणूस ८ मिमी. शंभर-दीडशे तरी लागतील. मुलं टूथपिकची टोकं रंगवून एका दुपारात करतील. पुलावर गर्दी नसेल तर तो र्‍योगोकु नाही.

—

नकाशेबाज:

पूर्वकाठ, जागेची निवड मान्य. पण वळणाचा खंदक आणि वीस मीटरचा उतार दिसला नाही तर हा पूल कुठल्याही जपानी गावातला होईल. मधला मार्ग: प्लाय र्‍योगोकुला द्या, नकाशा भिंतीवर सपाट छापा, आणि त्यावर तांबडी टाचणी.

—

दांडियाबाजारकर:

अख्ख्या कार्यकारिणीत वाद लावून दिलात! प्लाय र्‍योगोकुला आणि नकाशा भिंतीवर, हे पटलं. साल १८५७. बुलेट ट्रेन गेली. मुलांच्या टेबलाचं कुणीच बोललं नाही अजून. आणि गणपतीत नुसत्या आगी आणि मृत्यू दाखवले तर वर्गणीदार ओरडतील. काहीतरी हलकंफुलकं?

—

खळ_आणि_कागद:

टेबलावर लाकूडठशाची छपाई ठेवा. विषयाला धरून आहे. १८५७ साल ठरलंच आहे, तर याच वर्षी हिरोशिगेनं ओहाशी पुलावरच्या अवचित पावसाचं चित्र काढलं, र्‍योगोकुच्या थोडं खालच्या अंगाला. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या १८५६ ते ५८ च्या मालिकेतलं ते. नावात शंभर, प्रत्यक्षात ११८ त्याची आणि एक शिष्याचं. सगळी उभी, साधारण ३६ बाय २४ सेंमी. ब्रुकलिन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर अख्खा संच आहे, फलकांसाठी तिथून घ्या. हिरोशिगेचं घराणं एदोच्या सरकारी अग्निशमन दलातलं, ते पद त्याला बाराव्या-तेराव्या वर्षी वारशानं मिळालं. ही ओळ आगीच्या फलकाशी जुळेल.

मुलांसाठी पोस्टकार्डाएवढं, १५ बाय १० सेंमी, तीन ठसे: रेषांचा, नदीच्या निळ्याचा, पुलाच्या पिवळ्याचा. मूळ चित्रात पावसाच्या रेघांना दोन वेगळे ठसे आहेत, किंचित वेगळ्या कोनात. म्हणून पाऊस दाट दिसतो. जमलं तर चौथा ठसा पावसाचा करा. कोरीव काम मोठ्यांनी आधी करून ठेवायचं, मुलांनी फक्त छापायचं.

जपानी ठसे रानचेरीच्या फळीचे. इथे लिनोलियम चालेल. एमडीएफ नको, पाण्यानं फुगतो आणि दुसऱ्या दिवशी रेषा जाड होतात. लिनोचा पृष्ठभाग तेलकट असतो, पाण्याचे रंग त्यावर थेंबाथेंबानं गोळा होतात. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून साबणानं धुवा. चित्र उलटं कोरायचं हे सगळ्यांना माहीत असतं आणि 'बडोदे' ही अक्षरं मात्र हटकून सुलटी कोरली जातात. अक्षरं कोरूच नका, नंतर शिक्का मारा.

सगळ्यात महत्त्वाची खूण-खाच. प्रत्येक ठशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि त्याच कडेवर डावीकडे एक सरळ खाच. कागद आधी कोपऱ्यात टेकवायचा, मग सरळ खाचेला, मग सोडायचा. तिन्ही ठशांवर या खाचा तंतोतंत एकाच जागी हव्यात. त्यासाठी रेषांचा ठसा आधी कोरा, खाचांसकट पातळ कागदावर तीन प्रती छापा, त्या बाकीच्या ठशांवर चिकटवून मग कोरा. वेगवेगळं मोजून खाचा पाडल्या तर रंग एक-दीड मिलिमीटर सरकतोच.

कागद नेपाळी हातकागद. आदल्या रात्री एकाआड एक ओल्या वर्तमानपत्रात घालून वर प्लास्टिक. ओला नाही, दमट हवा. कागद ओला असताना पसरतो, सुकताना आकसतो. पहिला रंग छापून कागद पंख्याखाली ठेवला तर दुसरा रंग जुळणार नाही. टेबलाजवळचा पंखा बंदच ठेवा, आणि एका मुलाचे तिन्ही रंग लागोपाठ होऊ द्या. आधी पिवळा, मग निळा, शेवटी रेषा. उलट केलं तर रेषा फुटून निळ्यात उतरतात.

खळ तांदळाच्या पिठाची, एक वाटी पिठाला आठ वाट्या पाणी, ढवळत शिजवून गार केलेली. भाद्रपदात ती दुसऱ्या दिवशी आंबते, रोज ताजी करा. ठशावर शेंगदाण्याएवढी खळ, शेजारी रंगाचे दोन-तीन थेंब, ब्रशनं तिथेच मिसळायचं. खळ कमी पडली तर छाप तिळासारखी ठिपकेदार येते, जास्त झाली तर कागद चिकटून सोलतो. निळ्यासाठी प्रशियन ब्लू घ्या, हिरोशिगेच्या काळातला आयात निळा तोच. आकाशाची वरची गडद पट्टी हवी असेल तर ठसा आधी पाण्यानं पुसा आणि रंग ब्रशच्या एकाच कडेला घेऊन आडवा ओढा. मुलांना हीच युक्ती सगळ्यात आवडेल.

दाबायला मूळ साधन बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती. इथे स्टीलच्या वाटीचं गुळगुळीत बूड. कागदावर बटर पेपर ठेवून गोल गोल फिरवा. थेट घासलं तर हातकागदाचे धागे उठतात.

—

शेष_आणि_मासा:

हलकंफुलकं हवं तर कॅटफिशची चित्रं घ्या. ११ नोव्हेंबर १८५५ ला एदोत मोठा भूकंप झाला, हजारो माणसं मेली. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या डोक्यावर, त्यांच्याकडे जमिनीखाली प्रचंड मासा. काशिमाच्या देवानं एका शिळेनं त्याला दाबून ठेवलेलं. पण तो महिना पंचांगातला दहावा, सगळे देव इझुमोच्या देवळात गेलेले. राखणीला एबिसू हा एकटा देव, त्याला डुलकी लागली, मासा हलला. दोनेक महिन्यांत या कल्पनेवर शेकडो प्रकारची बिनपरवाना चित्रं बाजारात आली, मग शोगुनच्या सरकारनं ती बंद पाडली.

नीट बघितली तर ती नुसती थट्टा नाही. काही चित्रांत लोक माशाला बडवतायत. काहींत सुतार, गवंडी, कौलारू माशाला मेजवानी देतायत, कारण पुनर्बांधणीत त्यांची मजुरी वाढली. श्रीमंत व्यापाऱ्याच्या पोटातून मोहरा बाहेर पडतायत असंही आहे. शहर पडलं की पैसा कुणाकडून कुणाकडे जातो याचा हिशेबच तो. हिरोशिगेची मालिका भूकंपानंतर काही महिन्यांत सुरू झाली, हे शेजारी लिहा. आसाकुसाच्या हिमवर्षावाच्या चित्रातला पॅगोडा पाहा: भूकंपात त्याचा कळस वाकला होता, चित्रात तो सरळ आहे.

आसाकुसाच्या देवळाचा लाल कंदिलाचा दरवाजा फलकावर 'प्राचीन' म्हणून घालू नका. १८६५ च्या आगीत तो जळाला, आज दिसतो तो १९६० चा.

१८६८ नंतरचं थोडक्यात उरका, तीन फलक पुरे. एक: दाइम्योंच्या वाड्यांचं काय झालं. कागाच्या माएदांच्या जागेवर टोकियो विद्यापीठ, १८२७ चा तांबडा दरवाजा अजून आहे. नाइतोंच्या जागेवर शिंजुकूची बाग. नकाशातल्या सामुराईंच्या पांढऱ्या जागा मोठ्या आणि सलग होत्या म्हणून नव्या राजधानीला घरं न पाडता सरकारी जमीन मिळाली. दोन: आसाकुसाचा बारा मजली मनोरा, १८९० चा, आत विजेची लिफ्ट. १९२३ मध्ये वरचे मजले तुटले, उरलेला लष्करानं सुरुंगानं उडवला. यालाच जोडून १९५४ चा गॉडझिला. त्या वर्षी मार्चमध्ये हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, नोव्हेंबरात हा चित्रपट आला. शहर जळून नऊच वर्षं झालेली, प्रेक्षकांना पडद्यावरच्या आगी ओळखीच्या होत्या.

तिसरा निहोंबाशी पुलाचा. पहिला लाकडी पूल १६०३ चा, एदोतून निघणाऱ्या पाचही महामार्गांचं अंतर तिथून मोजत. आजचा दगडी पूल १९११ चा. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी घाई होती, जमीन विकत घेत बसायला वेळ नव्हता, म्हणून १९६३ मध्ये द्रुतगती मार्ग नदीच्या डोक्यावरूनच नेला. आता तो मार्ग बोगद्यात घालण्याचं काम चालू आहे आणि वरचा सांगाडा २०४० पर्यंत काढायची योजना आहे. फोटो पुलावरून घेतलेला नको, त्यात नुसता रस्ता दिसतो. पाण्याच्या पातळीवरून, होडीतून काढलेला निवडा: खाली दगडी कमानी, वर लोखंडी तुळया, दोन्ही एका चौकटीत येतात. फोटोखाली साल छापायला विसरू नका.